दहाला बत्तीस

१

उन्हाळ्यात दुपारी तीनला आमच्या कॉलनीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. लातूरच्या औसा रोडच्या मागं दोन खोल्यांचं घर आहे माझं. पुढं लोखंडी फाटक, मागं मोरी. तिथं मी एकटा राहतो. लग्न केलं नाही. नोकरीत होतो तोवर एकटेपण अंगावर आलं नाही, कारण नोकरी फिरतीची होती.

शेती खात्यात पीक कापणीचे प्रयोग करायचो. गावातलं कुठलं शेत मोजायचं ते आकड्यांच्या तक्त्यावरून ठरायचं. तक्त्यात निघेल त्या नंबरचं शेत. त्यातही इतकी पावलं लांब, इतकी पावलं रुंद, तिथं खुंटी ठोकायची, चौकोन आखायचा आणि तेवढंच पीक कापून वजन करायचं. रेणापूर, जळकोटकडचे शेतकरी हात जोडायचे, "साहेब, हितं नगा, तिकडं घ्या." मी म्हणायचो, "दादा, मी ठरवत नाही. आकडा ठरवतो. आकड्याच्या ओळखीचं कुणी नसतं." तेहेतीस वर्षं हे वाक्य म्हणालो, आणि त्यावर माझा विश्वास होता.

जलीलभाई माझे एकुलते एक मित्र. गंजगोलाईत त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. एकदा पट्टा बदलायला गेलो आणि बसलो, तो वीस वर्षं बसतच राहिलो. पुढं काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले. आता उजेड आहे की अंधार, एवढंही त्यांना धड कळत नाही. तरी ते दुकान उघडून बसायचे. गेल्या थंडीत तिथंच त्यांनी एक खेळ काढला.

सहा चिंचोके घेतले, दगडावर घासले आणि घड्याळाच्या हत्यारानं बरोबर मधोमध फोडले. प्रत्येकाच्या दोन फाका झाल्या. एका बाजूनं पांढरी आणि सपाट, दुसऱ्या बाजूनं काळपट आणि गोल.

"सहा फाका टाकायच्या," ते म्हणाले, "आन् पांढऱ्या किती पडतील ते आधी बोलायचं. बोटाला सपाट लागली की पांढरी, गोल लागली की काळी. मला डोळे लागतच न्हाईत."

२

बोली खरी ठरली तर किती द्यायचे, यावर आमचं पहिल्याच दिवशी वाजलं.

"सगळ्या पांढऱ्या का सगळ्या काळ्या, एकच की," जलीलभाई म्हणाले. "दोन्हीला सारखं द्यायचं."

"कशावरून एकच? फाक सपाट बाजूवर जास्त बसते. काळी वर जास्त येणार."

"किती जास्त?"

ते मला माहीत नव्हतं. म्हणून मी फाका घरी आणल्या, सतरंजी अंथरली आणि टाकत बसलो. एक हजार वेळा. दहा दिवस लागले. वहीत नुसत्या उभ्या रेघा. सहा हजार फाकांत दोन हजार चारशे एक पांढऱ्या पडल्या. म्हणजे शंभरात चाळीस. तेवढं मिळाल्यावर पुढचं गणित सोपं होतं. दोन पांढऱ्या सगळ्यांत जास्त वेळा येतात, म्हणून त्यांना कमी. दहा चिंचोके लावले आणि दोन आल्या तर बत्तीस परत. तीन आल्या तर छत्तीस. एकीला चोपन्न, चारांना बहात्तर. सगळ्या काळ्या आल्या तर दोनशे चौदा. पाचांना दोनशे एकाहत्तर. आणि सहाही पांढऱ्या आल्या तर दोन हजार चारशे एक्केचाळीस.

"इतके चिंचोके आणायचे कुठून?" जलीलभाई हसले. "अख्खं झाड झोडपावं लागंल!"

"अडीचशे वेळा टाकल्यावर एकदा येतंय ते. काळ्या एकविसात एकदा."

त्यांनी एक फाक बोटांत फिरवली. मग म्हणाले, "म्हंजे ह्या भावानं खेळलं तर कोनीच कोनाला लुटत न्हाई?"

"कुणीच नाही. खूप दिवस खेळलं तर दोघं जिथल्या तिथं राहतील."

"ह्याला म्हनायचं बराबर हिसाब," ते म्हणाले.

ईद झाली आणि त्यांची मुलगी शहजादी त्यांना नांदेडला घेऊन गेली. तिचा नवरा आखातात असतो. देगलूर नाक्याकडं तिनं भाड्यानं घर घेतलेलं आहे. निघताना जलीलभाईंनी प्रत्येक चिंचोक्याची एक फाक मला दिली, एक स्वतःकडं ठेवली. सहा लातूरला, सहा नांदेडला.

"फोनवर खेळू," ते म्हणाले. "दोघांपाशी पाचपाचशे चिंचोके. ज्याचे सरतील त्यानं दुसऱ्याच्या घरी यायचं. कबूल?"

"कबूल."

स्टँडवर गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात केला, पण मी उभा होतो त्याच्या उलट्या बाजूला.

३

तीनला मी फोन लावायचो. ते आपला फोन उशीजवळ मोठ्या आवाजावर ठेवून द्यायचे आणि मांडीवर स्टीलचं ताट घ्यायचे. दोघांच्या पाच पाच फेकी. एका फेकीला दहाच्या वर लावायचं नाही. हा विश्वासाचा खेळ होता. माझ्या फाका पेल्यातून सतरंजीवर पडायच्या, मी आकडा सांगायचो, ते मानायचे. त्यांच्या फाका ताटात खणखणायच्या. मग बाईमाणसाचा हलका आवाज यायचा.

"दोन."

मग जलीलभाई सांगायचे, "दोन, भागवतराव. लिव्हा."

आवाज तरुण नव्हता, म्हाताराही नव्हता. आकड्यापलीकडं एक शब्द नाही. शहजादी बापाजवळ बसून फाका वाचून देते, असं समजून मला बरं वाटलं. त्यांना नांदेडला करमेल की नाही, याची मला काळजी होती.

खरं सांगायचं तर मी त्या आवाजाची वाट बघू लागलो. माझ्या घरात दिवसभर बोलणारं कुणी नाही. दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून जातो. दुपारी फाका खणखणल्या की मी सतरंजीवर पुढं वाकायचो, फोनच्या जवळ. ती "तीन" म्हणायची, मी वहीत तीन लिहायचो. जलीलभाई सांगायच्या आधीच लिहून झालेलं असायचं.

चिंचोके इकडचे तिकडं होत राहिले; हरला त्यानं आपल्या बरणीतून काढायचे, जिंकला त्यानं आपल्या बरणीत घालायचे. तीन आठवड्यांनी माझ्याकडं पाचशे बारा होते. हिशेब बरोबर होता. कुणीच कुणाला लुटत नव्हतं.

४

एका संध्याकाळी शहजादीचा फोन आला. जलीलभाईंच्या जुन्या डोळ्यांच्या डॉक्टरचा नंबर तिला हवा होता. तो दिल्यावर मी म्हणालो, "शहजादी, तू रोज दुपारी वेळ काढून अब्बांना आकडे वाचून देतेस, फार चांगलं करतेस बघ."

"कुठले आकडे, चाचा?"

"फाकांचे. खेळाचे."

"मी कुठली घरी असते दुपारी! दवाखान्यात काऊंटरला बसते मी. सकाळी नऊला गेले की संध्याकाळी सहाला येते. अब्बांचा डबा ठेवते आणि बाहेरून कुलूप लावते."

"कुलूप?"

"काय करू? मागच्या महिन्यात रस्त्यावर निघून गेले होते. ट्रकखाली येता येता वाचले. चावी शेजारच्या गिरणीवाल्या खालाकडं असते. ती एकला जाऊन बघून येते. का हो, चाचा? काही झालं का?"

"नाही, नाही," मी म्हणालो. "सहज विचारलं."

दुसऱ्या दिवशी तीनला फोन लावला. "जलीलभाई, तुमच्यापाशी कोण बसलंय?"

"कोन बसनार? पंखा हाय आन् मी हाय."

"मग फाका कोण बघतं?"

"मी बघतो की बोटानं. इसरले काय? करून तर राहिलो मी ते." आणि त्यांनी फाका टाकल्या.

ताट खणखणलं. "एक," ती म्हणाली. त्यानंतर ताटावर बोटं सरकल्याचा बारीक आवाज मला ऐकू आला. एक फाक, दुसरी, तिसरी, सावकाश, सहाव्यापर्यंत. मग जलीलभाई म्हणाले, "एक हाय, भागवतराव."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ भिंतीला टेकून बसलो. फोनच्या लाइनी एकमेकींत मिसळतात. गिरणीवाली बाई मधेच येऊन बसत असेल आणि जलीलभाईंना कळत नसेल. नाहीतर माझेच कान. दुसऱ्या दिवशी सकाळी कानाच्या डॉक्टरकडं जाऊन आलो. वयाच्या मानानं कान उत्तम आहेत, असं तो म्हणाला.

एक गोष्ट मात्र मनातून जाईना. जलीलभाईंच्या घरात घरची भाषा दखनी. शहजादी असती तर बापाला "दो" म्हणाली असती. ही "दोन" म्हणत होती.

५

आवाजाचं काही करता येईना, म्हणून मी वही काढली. आकड्यांजवळ बसलं की माझं डोकं जागेवर येतं, ही जुनी सवय.

वहीत रोजच्या दोन ओळी होत्या. वर जलीलभाईंच्या पाच फेकी, खाली माझ्या. महिन्याभराच्या फेकी भावाच्या तक्त्याशी ताडून बघाव्यात म्हणून मी वरून खाली बोट फिरवत होतो. सोमवारी जलीलभाई : दोन, चार, एक, दोन, तीन. मंगळवारी मी : दोन, चार, एक, दोन, तीन.

गंमत वाटली. पुढं गेलो. मंगळवारी जलीलभाई : तीन, तीन, दोन, शून्य, एक. बुधवारी मी : तीन, तीन, दोन, शून्य, एक.

मग मी पहिल्या पानावर गेलो. तिथून परत शेवटच्या पानापर्यंत आलो. एकही दिवस चुकलेला नव्हता. काल नांदेडला जे पडलं होतं, ते आज माझ्या हातून पडत होतं.

एका दिवसाच्या पाचही फेकी जुळायच्या म्हणजे दीड हजार दिवसांत एकदा. चार वर्षांत एखाद्या दिवशी. सलग दोन दिवस जुळायचे तर साडेतेवीस लाखांत एकदा. सत्तावीस दिवसांचं गणित मी केलं नाही. तेवढी शून्यं वहीत मावली असती, पण लिहायला हात उठला नाही.

मी स्वतःला बजावलं की कुठंतरी माझीच चूक आहे. म्हातारा माणूस आहे, कालची ओळ आज परत उतरवत असेन. म्हणून आदल्या दिवशीचे जलीलभाईंचे आकडे वेगळ्या कागदावर लिहिले, कागद कपाटात कुलपात ठेवला. फाका धुतल्या, उन्हात वाळवल्या. पेला बदलला. सतरंजी काढून फरशीवर टाकल्या. डाव्या हातानं टाकल्या. डोळे मिटून टाकल्या. मग कपाट उघडून कागद बाहेर काढला.

पाचही तेच.

नोकरीत एकदा जळकोटजवळच्या एका शेतात तक्त्याप्रमाणे पावलं मोजत गेलो, तर तिथं आधीच खुंटी ठोकलेली होती. तेव्हा शेतमालकानं चोरून तक्ता बघितला होता, एवढंच निघालं. मी हसून सोडून दिलं होतं. आता मात्र मी रिकाम्या खोलीत बसून विचार करत होतो की माझ्या आधी इथं कोण येऊन गेलं.

६

हे जलीलभाईंना सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.

त्यांनी लातूरला यावं, असं मला वाटत होतं. माझ्या घरात, समोर, सतरंजीवर बसावं. चहा फुंकून प्यावा. खरं म्हणजे मीच नांदेडला जाऊ शकलो असतो. मला दिसतं, चालता येतं, बसला अर्धं तिकीट लागतं. पण बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात जाऊन उभं राहायची सवय मला कधीच नव्हती. कुणीतरी माझ्याकडं यावं, एवढं एकदा व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कालचे आकडे समोर ठेवून बोली केली. "दोन." दोन पडल्या. "एक." एक पडली. शेवटच्या फेकीला "सगळ्या काळ्या" म्हणालो आणि दहा लावले.

"आरारा!" जलीलभाई ओरडले. "आलं की हो! दोनशे चौदा! नशीब उघडलं भागवतराव तुमचं!"

ते इतके खूश झाले की मला तोंड लपवावंसं वाटलं. आंधळ्या माणसाला मी आंधळ्या खेळात लुटत होतो, आणि तेही मीच काढलेल्या बरोबर भावानं. तरीही पुढचे दोन दिवस तेच केलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी बरणी ताटात उपडी केली. काही पडल्याचा आवाज आला नाही.

"सरले," ते म्हणाले. "आता येनं आलं. जबान दिली हाय."

खेळ संपला होता, तरी सवयीनं त्यांनी त्या दिवशीच्या पाच फेकी टाकल्या. ती वाचत गेली. तीन, दोन, दोन, एक. शेवटच्या वेळी ती जरा थांबली. मग म्हणाली, "शून्य."

संध्याकाळी शहजादीचा फोन आला. आवाज चढलेला होता. "चाचा, हे काय लावलंय तुम्ही? अब्बा पिशवी भरून दाराशी बसलेत. मला सुट्टी मिळत नाही, तर एकटे बसनं जातो म्हणतात. त्यांना समोरची भिंत दिसत नाही, आणि तुम्ही..." ती मधेच थांबली. मला वाटलं रडतेय. "तुम्ही तर त्यांचे दोस्त ना?"

"त्यांना सांग, उद्या मीच येतोय," मी म्हणालो. मग लगेच म्हणालो, "नको. सांगू नको. दारात जाऊन चकित करतो."

चकित करण्याची मला हौस नव्हती. मला तीन वाजता ती खोली बघायची होती.

निघताना माझ्या सहा फाका पेल्यात टाकल्या, वर बशी झाकली आणि पेला सतरंजीवर ठेवला.

७

अहमदपूर, लोहा करत बस अडीचला नांदेडला पोचली. रिक्षावाल्यानं देगलूर नाक्याच्या आतल्या गल्लीत सोडलं. गिरणीवरून घर सापडलं. गिरणी चालूच होती. धडधड इतकी, की शेजारचा माणूस बोलला तरी ऐकू येऊ नये. दाराला बाहेरून कुलूप. खिडकीला जाळी होती, पडदा अर्धवट सरलेला.

मी जाळीला चिकटून आत बघितलं. लहानशी खोली. कॉट, कॉटवर जलीलभाई, मांडीवर ताट. कोपऱ्यात माठ. भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. दुसरं कुणीही नव्हतं. दाराआड नाही, कॉटखाली नाही. लपायला जागाच नव्हती. मला एकदम हलकं वाटलं.

तीन वाजले. मी फोन लावला. आत उशीजवळचा फोन वाजला, त्यांनी चाचपून उचलला.

"सलाम भागवतराव. आज बस मिळाली न्हाई मला. पोरगी सोडत न्हाई."

"राहू द्या," मी फोनमध्ये हळू आवाजात म्हणालो. "टाका."

त्यांनी फाका टाकल्या. गिरणीच्या आवाजात ताटाची खणखण मला फक्त फोनमधूनच ऐकू आली. ताट मला स्वच्छ दिसत होतं. तीन पांढऱ्या होत्या. मी दोनदा मोजल्या.

"दोन," फोनमध्ये ती म्हणाली.

जलीलभाईंचे ओठ मिटलेले होते. मग त्यांनी बोटं ताटावर ठेवली आणि एकेक फाक चाचपत गेले. सहाव्या फाकेवरून हात उचलला, तेव्हा ताटात दोन पांढऱ्या होत्या.

बोटाचा धक्का लागला असेल. आंधळ्या माणसाचं बोट ते, लागू शकतो. मी जाळीवरचा हात काढला. तळहातावर जाळीचे चौकोन उमटले होते.

"दोन, भागवतराव," जलीलभाई म्हणाले. "आता तुमची पाळी."

"जलीलभाई," मी म्हणालो, "मी बाहेर उभा आहे."

८

गिरणीवाल्या खालानं कुलूप काढलं. जलीलभाईंनी माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, गालांवरून, कानांवरून, आणि मला घट्ट धरून ठेवलं. असं मला कुणी धरल्याला किती वर्षं झाली, हे मी आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही.

आम्ही कॉटवर बसलो. खालानं चहा आणून दिला. मी त्यांना सगळं सांगितलं. आकडे जुळत होते ते, आणि मी ते बघून बोली केली तेही.

त्यांना राग आला नाही. "म्हंजे मला बोलवायला केलं ना?" ते म्हणाले. "मग ती काय लूट झाली?" चहा फुंकत जरा वेळ बसले. मग लाजल्यासारखे हसले. "भागवतराव, आता समोर आलेच हायेत तर इचारतो. राग मानू नका."

"विचारा."

"ती कोन हाय?"

"कोण?"

"तुमच्या घरातली. रोज तुमचे आकडे वाचते ती. मी रोज ऐकून राहिलो की. फाका पडल्या की ती बोलते, मग तुम्ही बोलता." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "लई साफ जबान हाय तिची. दो म्हनते, पाँच म्हनते. मला वाटलं, आमच्यातली हाय, म्हनून तुम्ही लपवून राहिले. मी कोनाला सांगितलं न्हाई. शहजादीलाबी न्हाई. म्हटलं, चला, उतारवयात मानसाला सोबत मिळाली. रोज दुवा केली तुमच्यासाठी."

गिरणी बंद झाली होती. खोलीत फक्त पंखा.

"माझ्या घरात कुणी नाही, जलीलभाई."

ते हसत होते, ते थांबले. कप बशीत ठेवायला गेले तर बशी सापडेना. मी त्यांचा हात धरून कप खाली ठेवला. फाका त्यांनी ताटातून उचलल्या, रुमालात बांधल्या आणि रुमाल माझ्या हातात दिला. "घेऊन जा," म्हणाले. लगेच परत मागून घेतला. "नको. तुमच्याकडं बारा नकोत."

रात्री शहजादीनं आग्रहानं ठेवून घेतलं. सकाळी निघताना जलीलभाई दारापर्यंत आले. "हितंच राहा की," म्हणाले. "दोघं हावोत तर बरं."

मी म्हणालो, घर बंद आहे, दूधवाल्याला सांगितलेलं नाही. दोन दिवसांत कपडे घेऊन येतो म्हणालो. ते ऐकत होते, पण मान एका बाजूला कलती करून. माझ्या बोलण्यामागचं काहीतरी ऐकत असावेत.

९

लातूरला पोचलो तेव्हा दुपार टळत आली होती. कॉलनीत सामसूम. फाटकाला दुधाच्या दोन पिशव्या लटकत होत्या, आंबलेल्या. फाटक ढकलून मी पायरीवर आलो. पुढच्या खोलीच्या खिडकीचं एक झडप नीट लागत नाही, त्याच्या फटीतून आत बघितलं.

सतरंजी होती तशी होती. पेला आडवा पडलेला. सहा फाका सतरंजीवर सांडलेल्या, सहाही काळ्या वर.

उंदीर, मी म्हणालो. उंदरानं पेला पाडला. सगळ्या काळ्या एकविसात एकदा येतात, मीच काढलेलं आहे. हे काही अशक्य नाही. रोज कुठं ना कुठं एकविसातलं एक होतच असतं. परवाची जलीलभाईंची शेवटची फेक शून्य होती आणि माझी कालची पाळी राहिली होती, त्याचा याच्याशी संबंध नाही.

बशी मात्र पडलेली नव्हती. पेल्याशेजारी ती नीट पालथी ठेवलेली होती. मी पेल्यावर झाकायची विसरलो असेन. घाईत होतो.

मी खिशातून किल्ली काढली. कुलपापर्यंत नेली आणि हात तिथंच थांबला. आत पंखा चालू होता. त्याची घरघर दारातून ऐकू येत होती. जाताना बंद केला होता की नाही, ते आता मला काही केल्या आठवेना. किल्ली कुलपात घालायचं धैर्य झालं नाही, आणि पायरी उतरून परत जायचंही झालं नाही. जाणार कुठं?

शेवटी मी कडी वाजवली. तीस वर्षांत पहिल्यांदा, माझ्याच दाराची. दोनदा वाजवली, परक्या घरी वाजवतात तशी, हळू. आणि मान खाली घालून उभा राहिलो.

आत बटणाचा खटका वाजला. पंख्याची घरघर हळूहळू कमी होत गेली आणि थांबली. एखादं माणूस दार उघडायला उठण्याआधी पंखा बंद करतं, तशी.

लाइट गेली असेल, मी म्हणालो, आणि मागं वळून बघितलं. शेजाऱ्यांचा कूलर चालूच होता.